न चालण्याची हमी

आमच्या बैठकीच्या खोलीत नऊ घड्याळे होती. सहा भिंतीवर, दोन कपाटावर आणि एक जमिनीवर, कारण ते खिळ्यासकट दोनदा खाली आले होते. नऊपैकी एकही चालू नव्हते. ही त्रुटी नव्हती, निवड होती.

मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर असून झांझिबारच्या पेट्रोलपंपांची मापे तपासतो. एक लीटर हे एक लीटरच आहे ना, एवढे पाहण्याचा मला पगार मिळतो. हे सांगण्याचे कारण इतकेच, की पुढचा प्रकार अज्ञानातून घडला असे कोणी समजू नये.

झुवेनाशी माझे लग्न ठरायचे होते. ती इथल्या इस्पितळात परिचारिका आहे. माहेर तुंबातू बेटावर. तिच्या घराण्याची पद्धत अशी, की मुलीचा मामा आणि आत्या येऊन मुलाचे घर पाहतात, आणि त्याच संध्याकाळी मामा बेटावर परतून थोरल्यांसमोर मांडी घालून 'हो' म्हणतो. लग्नाचा शब्द फोनवरून दिलेला चालत नाही. रात्रीच्या नमाजापर्यंत मामा पोहोचला नाही, तर तो नकार धरला जातो आणि पुढच्या स्थळाला होकार जातो. पुढचे स्थळ तयारच होते. फाकी त्याचे नाव. तुंबातूला जाणारी दिवसाची शेवटची बोट त्याच्याच मालकीची होती.

घर दाखवायचे म्हणजे सजवायला हवे. मिचेंझानीच्या सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर, माझ्या भिंती पांढऱ्या होत्या. माझा मित्र अबेदी जुन्या वस्तूंचे दुकान चालवतो. त्याने दारातूनच नाक मुरडले.

"उस्सी, इथे कोणी राहतं, की नुसतं रक्त तपासतात?"

भिंतींना भूतकाळ हवा, असे त्याचे निदान पडले, आणि सध्या भूतकाळ घड्याळांतून मिळत होता. शहरातल्या आज्या-काकू आपली जुनी लाकडी घड्याळे फेरीवाल्याला देऊन प्लास्टिकचे टब घेत होत्या, आणि त्यांचीच नातवंडे-पुतणे ती घड्याळे अबेदीकडून परत आणत होती. दुकानात एका घड्याळावर 'खानदानी घराण्यातील' अशी चिठ्ठी होती. ते माझ्या काकूचे होते. तिने त्यावर दोन टब घेतले होते, हे मला ठाऊक होते. खानदानी असल्याचे मात्र तेव्हाच कळले.

"चालतं का?" मी विचारले.

अबेदीने दुकानात दुसरे कोणी नाही ना, हे आधी पाहिले. मग समजावले, की चालणाऱ्या घड्याळाला कोणीतरी हात लावलेला असतो, आणि हात लावला की जुनेपणाला बाध येतो. म्हणून त्याचे प्रत्येक घड्याळ एक वर्षाच्या हमीसह येत असे. या मुदतीत ते आपणहून चालू लागल्यास विनामूल्य बंद करून मिळेल. ग्राहकाने स्वतः चावी दिल्यास हमी रद्द.

काकूचे धरून मी नऊ घड्याळे घेतली. काटे कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्याने माझ्यावर सोडला आणि मी तो शास्त्रीय पद्धतीने सोडवला. बारा तासांचे नऊ समान भाग करून प्रत्येक घड्याळावर ऐंशी मिनिटांच्या अंतराने एकेक वेळ लावली. यामुळे कोणत्याही क्षणी एक तरी घड्याळ जास्तीत जास्त चाळीस मिनिटांनी चुकलेले असे. ते कोणते, हे ओळखायला खरी वेळ ठाऊक असावी लागे, एवढीच मर्यादा होती. हा शोध मी कार्यालयात तिघांना ऐकवला.

(आमच्याकडे सकाळी सातला पहिला तास म्हणतात आणि त्याने कोणाचे अडत नाही, पण या कथेत तबकडीवरचेच आकडे धरावेत.)

रविवारी दुपारी शामेमामा आणि नुनूआत्या आले. आपले काम पाहायला अबेदीही कॉफीची सुरई घेऊन हजर होता. त्याने पडदे ओढून घेतले होते. जुन्या वस्तूंना उजेड मानवत नाही म्हणे. आत्याने स्वयंपाकघर पाहिले, नळ सोडून पाहिला, गादी दाबून पाहिली. मामांनी घड्याळे पाहिली. नंतर हलवा झाला, मशिदीत जाऊन दुपारचा नमाज झाला, पुन्हा कॉफी झाली. साडेचारची बस पकडली तर पाऊण तास-तासात म्कोकोटोनीचा धक्का येतो आणि पावणेसहाची बोट मिळते, हे सगळ्यांनाच पाठ होते.

सव्वाचारला मामा काकूच्या घड्याळापाशी उभे राहिले. घड्याळाच्या पोटात त्यांना चावी सापडली.

"बंद पडलंय बिचारं," असे म्हणून त्यांनी ती फिरवली.

घड्याळ चालू झाले. अबेदीच्या हातातला पेला बशीवर वाजला. घड्याळात तीन पस्तीस झाले होते, म्हणजे माझ्या गणितानुसार चूक बरोबर चाळीस मिनिटांची.

तोपर्यंत नऊ बंद घड्याळांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते. पण हे टिकटिकत होते, आणि टिकटिकणाऱ्या वस्तूला आपोआप अधिकार येतो. मामांनी त्याच्याकडे आपल्या लेकराकडे पाहावे तसे पाहिले आणि बसस्टॉपवर जायला अजून खूप अवकाश आहे, असे जाहीर करून ऐसपैस टेकले.

माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. पाहुण्याला वेळ सांगणे म्हणजे त्याला ऊठ म्हणणे. सोयरिकीच्या बैठकीत फोन काढून पाहणे म्हणजे कंटाळलो म्हणणे. आणि घड्याळ चुकलेले आहे म्हणणे म्हणजे मामांच्या हाताला गुण नाही म्हणणे. मी उठून पडदा सारला.

"ऊन किती उतरलंय आज," मी म्हणालो.

"ढग आला असेल," मामा म्हणाले. "समोर घड्याळ असताना उन्हाला काय विचारायचं?"

अबेदीने पडदा पूर्ववत केला. आत्या म्हणाली की घर छान आहे, मुलगाही शांत आहे. मामांनी मान डोलावली आणि घरी जाऊन काय सांगायचे ते मला हसून सुचवले. मी आणखी हलवा वाढला. माझा होकार माझ्याच घरात बसून हलवा खात होता आणि मी त्याला आग्रह करत होतो.

घड्याळात साडेचार झाले तेव्हा ते उठले. त्या वेळी पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. रीत म्हणून मी आणि अबेदी धक्क्यापर्यंत सोबत गेलो.

धक्क्यावर बोट नव्हती. फाकी वेळेचा पक्का माणूस.

मामा पाण्याकडे बघत उभे राहिले. आत्या म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"कधी वाटलं?"

"सव्वाचारलाच. बुइबुईच्या बुरख्याआड फोन बघितला मी."

"मग तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"चावी तू दिली होतीस, दादा. चारचौघांत तुझा पाणउतारा करू?"

मामांनी बाही वर केली. मनगटावर घड्याळ होते, चालू आणि बरोबर. त्यांनी सांगितले की तेही मधूनमधून बघत होते. पण आपण घाईने उठलो असतो, तर घर पसंत पडले नाही असे पोराला वाटले असते. पोर म्हणजे मी. अबेदीलाही ठाऊक होते. विकलेला माल चुकीचा आहे, असे दुकानदाराने म्हणायचे नसते.

रात्रीच्या नमाजानंतर बेटावर फाकीला शब्द गेला. थोड्याच वेळात झुवेनाचा फोन आला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू वाढत बसलास?"

पाहुण्यांना ऊठ कसे म्हणणार, असे मी विचारले.

"मी म्हटलं असतं, उस्सी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिथे असता तर आपणही बोलला असता, याबद्दल मला शंका नाही. खोलीतल्या प्रत्येकाचे स्वतःबद्दल हेच मत होते.

खोलीतील माणसे: चार. खरी वेळ ठाऊक असलेली: चार. बोट सुटली पाच पंचेचाळीसला, आम्ही धक्क्यावर पोहोचलो सहा चौदाला. उशीर: एकोणतीस मिनिटे.