माउलीचं रडणं आणि दोघांचा बँड

मंगलनं मागची खोली आठवडाभर गाणं बसवायला बँडवाल्यांना द्यायचं कबूल केलं, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं ताशे आणि लाल टोप्या होत्या. तिनं गुंजवणे गावातल्या चार घरांतून चादरी गोळा केल्या. आली दोघंच, शेफाली नि इंद्रजित. सोबत तीन कीबोर्ड आणि वायरींचा भारा.

"बाकीची मंडळी टेम्पोनं येत्यात का?"

"आम्ही दोघंच बँड, ताई," शेफाली म्हणाली.

"मग ढोल?"

"ह्या पेटीत."

"आन् सनई?"

"तीपण ह्यातच."

"बरं झालं," सासू धोंडाबाई म्हणाल्या, "ताटं दोनच लागतील."

गाणंही अजबच. खाली यंत्राचे ठोके, मधे जुन्या विलायती वळणाची गोड चाल, आणि वर असे लांबत जाणारे सूर, की घर धरणात बुडालंय असं वाटावं. मंगलला ते आवडायला लागलं होतं (कुणाला सांगितलं नव्हतं).

तिसऱ्या दिवशी शेफाली म्हणाली, "ताई, तुमच्या माउलीचं रडणं गाण्यात घेतलंय. लाखभर लोक ऐकतील."

मंगलनं माउलीला उचलून कडेवर घेतलं. दहा महिन्यांचं पोर. सासूबाई "गुटगुटीत झालाय" म्हणाल्या, तरी ती "न्हाई वो, वाळलाय" म्हणायची. आता लाखभर कान. कानाची दृष्ट लागते का, हे सातवीपर्यंतच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"आत्याबाई, आवाजाला दृष्ट लागती का?"

"मला काय इचारती? पेटीला इचार."

सासूबाई चेष्टेनं बोलल्या, पण मंगलला पटलं. आवाज पेटीत, तर दृष्ट पेटीचीच काढायला हवी. दुसऱ्या दिवशी दोघं फिरायला गेल्यावर तिनं मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेतल्या आणि मोठ्या कीबोर्डवरून ओवाळायला लागली. पाचव्या फेऱ्याला कडेवरचा माउली वायरीकडं झेपावला. मूठ सुटली. मिरच्या सापडल्या. मीठमोहरी पट्ट्यांच्या फटीत गेली.

इंद्रजितनं परत येऊन पट्टी दाबली. कर्रर्र. दुसरी दाबली ती वर येईचना; एकच सूर व्यालेल्या म्हशीसारखा रेकत राहिला.

मंगलनं दारातूनच सगळं सांगून टाकलं. "माजं चुकलं. पन तेवढं त्येचं रडणं काढा त्यातनं."

दोघं एकमेकांकडं बघत होती. "हाच सूर महिनाभर शोधतोय आपण," इंद्रजित हळूच म्हणाला.

"आणि रडणं आम्ही कालच काढलं, ताई," शेफाली म्हणाली.

"का वो?"

"ठोक्यात बसेना. शेजारच्या म्हादूकाकांच्या शेळीचं ओरडणं घातलं. ती अगदी तालात आहे."

मंगलचा जीव भांड्यात पडला. तिथं तो फार वेळ टिकला नाही.

"शेळीचं?"

संध्याकाळपर्यंत म्हादू आपली शेळी गाण्यात आहे म्हणून गावभर सांगून आला. "सुटलीस की मग," धोंडाबाई म्हणाल्या. "दृष्ट लागंल तर शेळीला लागंल."

"सुटले वो. पन आमच्या पोराच्या रडण्यात काय कमी हुतं?"

जायच्या दिवशी दोघं सामान भरत होती. मंगल माउलीला घेऊन पुढं झाली. "जरा थांबा. आज चांगला रडंल," म्हणत तिनं त्याच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं. माउली तिच्याकडं बघून खुदखुदून हसला. तेवढ्यात पलीकडं म्हादूची शेळी ओरडली.

शेफालीनं घाईघाईनं माईक बाहेर काढला. "ताई," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का?"