धोंडाबाईंनी पास केलेली चित्रं

आमच्या शेजारचे बालाजीराव सोळंके पुस्तकांसाठी चित्रं काढायचे, आणि प्रत्येक चित्र पुण्याला पाठवण्याआधी शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन दाखवायचे. शेळ्यांना नव्हे, शेळ्यांच्या मालकीणबाईंना. तिथून होकार आला की "पास झालं!" असं मला जिन्यातूनच ओरडून सांगायचे. घरात पोरगं दहावीला बसवलंय असं वाटावं.

भुकूमला आमची सोसायटी नवी होती तेव्हाची, म्हणजे दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. बालाजीराव परभणीकडचे. नोकरी नाही, साहेब नाही, रजा नाही. "काय करता?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चित्रं काढतो." मग समोरचा विचारायचा, "ते झालं हो, पण काम काय करता?" मीही एकदा विचारलं होतं. त्याची आता लाज वाटते.

एका शाळेच्या पुस्तकासाठी त्यांनी भातलावणीचं चित्र काढलं. ज्वारीच्या मुलखातला माणूस, त्यानं भात पाहिलेला तो ताटात. सोसायटीमागे शेळ्या राखणाऱ्या धोंडाबाईंनी ते सहज पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या बाया फुडं चालल्यात व्हय? लावलेली रोपं तुडवतील की! लावणी मागं मागं सरत करत्यात. कुणी काढलं ह्ये?"

बालाजीरावांनी सगळं चित्र नव्यानं काढलं. तेव्हापासून विळा, इरलं, बैलाचं जू, सगळं या मावशींच्या नजरेखालून जाऊ लागलं. "ह्यो बैल हितला न्हाई," म्हणून त्यांनी एक बैल परतही पाठवला. पुढे गावाकडची चित्रं अचूक काढणारा माणूस म्हणून बालाजीरावांचं नाव झालं. प्रकाशक घरी येऊ लागले. आम्ही नोकरीवाले होतो तिथेच राहिलो, आणि मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा.

एकदा मी म्हटलं, "आता कशाला जाता गोठ्यात? मोठे झालात."

ब्रश धुता धुता ते म्हणाले, "दिवसभर या खोलीत मी एकटा. पुण्याचे लोक फोनवर 'छान' म्हणतात. चित्र हातात घेऊन बघणारं माणूस एकच आहे हो."

मग धोंडाबाईंची नजर गेली. ऑपरेशनचाही उपयोग झाला नाही, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्या स्वतः मात्र कबूल करीनात. आता तरी हे थांबेल असं मला वाटलं. एका सकाळी बालाजीरावांबरोबर मीही गेलो. चित्र शहरातल्या चौकाचं होतं. सिग्नल, बस, रस्ता ओलांडणारी मुलं. धोंडाबाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला, त्यावरून हात फिरवला.

"समदं ब्येस हाय. शेळीचा कान तेवढा ल्हान झालाय."

चित्रात शेळी नव्हतीच. मी तोंड उघडणार तोच बालाजीरावांनी माझा हात दाबला.

"चुकलंच मावशी. मोठा करतो."

घरी येऊन त्यांनी सिग्नलखाली एक शेळी काढली, लांब लोंबत्या कानांची. चार दिवसांनी प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. चौकात शेळी कशाला, काढून टाका, असं तो म्हणत होता. प्रकाशकाचा शब्द आजवर कधी न मोडणारा हा माणूस शांतपणे म्हणाला, "शेळी निघणार नाही. चित्र परत पाठवा."

ते काम गेलं. मला फार वाईट वाटलं, त्यांना वाटलेलं दिसलं नाही. पुढचं चित्र बँकेचं होतं. ते घेऊन गोठ्याकडे निघाले तेव्हा मी डोकावून पाहिलं. बँकेच्या पायरीवर एक शेळी बसली होती, आणि तिचा एक कान त्यांनी मुद्दाम लहान ठेवला होता.