बारा नग शेण

विद्यापीठाच्या यादीत शेण नव्हतं. भगीरथने सकाळपासून तिसऱ्यांदा संगणकावरची ती खरेदीची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. सूक्ष्मदर्शक होते, फिरत्या खुर्च्या सतरा प्रकारच्या होत्या, पाहुण्यांना द्यायचे पुष्पगुच्छसुद्धा होते. भाताच्या संशोधन केंद्राला खळं सारवायला लागणारं शेण तेवढं कुठेच नव्हतं.

"मॅडम, ही यादी करणाऱ्यानं जन्मात कधी खळं बघितलंय का?"

केंद्रप्रमुख योगिनी मॅडम खिडकीतून आभाळाकडे बघत होत्या. "मला ते नका विचारू, भगीरथदादा. भारे शेतात पडलेत. चार दिवसांत झोडणी व्हायलाच हवी."

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या केंद्रात एका जुन्या डोंगरी भाताची चाचणी चालली होती. सलग तीन हंगामांचं उत्पन्न मोजून दाखवलं की वाणाला मान्यता मिळणार होती. दोन हंगामांची नोंद झाली होती. तिसऱ्याचं भात कापून पडलं होतं आणि नोव्हेंबर असूनही आभाळ भरून यायला लागलं होतं. भिजलेला दाणा लोंबीतच मोड धरतो. मग मोजायचं काय, कपाळ?

आजवर हा प्रश्नच आला नव्हता. कुंपणापलीकडे लहानीबाईचा गोठा होता. तिथून शेण यायचं आणि झोडणी झाली की पेंढा तिच्या गोठ्यात जायचा. ना पावती ना बिल. यंदा तपासनिसाने त्यावर लाल शेरा मारला: 'पेंढ्याची निविदेविना विल्हेवाट, तसेच त्रयस्थ व्यक्तीकडून जैविक पदार्थाचा विनामूल्य स्वीकार.' मागोमाग पत्र आलं. यापुढे सुई जरी हवी असली तरी ती स्वयंसेवा खरेदी प्रणालीतूनच घ्यावी, आणि पुन्हा असा शेरा आल्यास केंद्राची चाचणी थांबवण्यात येईल. स्वयंसेवा म्हणजे काय, तर मुख्य कार्यालयातली सहा माणसं पगार घेऊन जे काम करायची ते आता भगीरथने एकट्याने करायचं, आणि त्या सहा माणसांनी ते नाकारायचं.

"ताडपत्री अंथरूया का?" मॅडमनी विचारलं.

"मार्चमध्येच मागवलीय की. ती अजून 'मार्गस्थ' आहे. एवढ्या दिवसांत माणूस चालत काशीला जाऊन परत आला असता."

शेवटी 'प्रयोगशाळा', त्यात 'जैविक पदार्थ', त्यात 'प्राणिजन्य' अशी वाट काढत भगीरथ अर्जापर्यंत पोहोचला. अर्जाने विचारलं, उत्पादकाचे नाव? भगीरथने लिहिलं, गाय. मॉडेल क्रमांक? त्याने रकाना रिकामा ठेवला तर तो लाल झाला, म्हणून लिहिलं, तांबडी. हमीचा कालावधी? साठवणुकीचे तापमान? पोहोचवण्याच्या जागेचा मजला? भगीरथची कानशिलं तापली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत काय, लग्न ठरवताना सासऱ्यानेही त्याला इतके प्रश्न विचारले नव्हते.

मग आलं परिमाण. खळ्याला बारा पाट्या शेण लागतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण प्रणालीत पाटी नव्हती. किलो, लिटर आणि नग एवढंच होतं.

"शेण कुणी तोलतं का? का मापट्यानं मोजतं?" भगीरथ कडाडला. "डोक्यावरून येते ती पाटी. एक पाटी, एक नग." आणि त्याने ठोकून दिलं: बारा नग.

तासाभरात उत्तर आलं: 'विनंती जैवसुरक्षा समितीकडे वर्ग. सदर प्राण्यास यापूर्वी कोणत्या प्रयोगात वापरले आहे?' भगीरथने मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे मिताली नावाची मुलगी होती, आवाजाने गोड आणि घाईत.

"मिताली मॅडम, ही समिती बसते कधी?"

"मार्चमध्ये, सर."

"मार्चमध्ये काय करू मी? दाण्याला मोड येऊन त्याची उसळ झालेली असेल!"

मितालीने आवाज खाली आणला. "सर, एक करा. हीच वस्तू 'सजावट व समारंभ' खाली टाका. तिथे मंजुरी लागत नाही."

भगीरथने तसं केलं. चार मिनिटांत मंजुरी आली, तिसऱ्या दिवशी माल मुरबाडला पोहोचेल असंही आलं. ताडपत्री आठ महिने वाटेत आणि सजावट तिसऱ्या दिवशी! या राज्यात पीक भिजलं तर चालेल, तोरण उशिरा लागता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानीबाई नेहमीसारखी पाटी डोक्यावर घेऊन कुंपणातून आत आली.

"काय रे भगीरथ, खळं चोपून ठेवलंस नि सारवलं नाय अजून?"

"लहानीबाय, या साली तुजं शेण घेता येत नाय. ऑनलाइन मागवलंय."

"काय मागवलंय?"

"शेण."

लहानीबाईने पाटी खाली उतरवली. "कोनच्या गाईचं?"

"ते काय लिवलेलं नाय."

"म्हंजे गाय बघितल्याबिगर घेतलंस? माझ्या कणगीतलं बियानं न्हेलंत, तीन वर्सं त्याचं फोटू काढलंत, ते चाललं. माझ्या गाईचं शेण तेवढं चालत नाय? माझी गाय बिघाडली का तुमची अक्कल?"

"वरून हुकूम हाय गो बाय."

"मंग वरच्यालाच बोलव सारवायला!"

पाटी उचलायला हात लावावा म्हणून भगीरथ पुढे झाला, तर तिने त्याला हातानेच दूर केलं आणि भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढवली. हे त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दुपारपर्यंत वाडीभर झालं की केंद्राला आता वाडीतल्या शेणाचा विटाळ होतो. संध्याकाळी झोडणीला येणाऱ्या बायांचा निरोप आला, सगळ्यांचे पाय एकाच दिवशी दुखायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी भगीरथ मोटरसायकलला दोन रिकाम्या गोण्या बांधून मुरबाडला गेला. बारा पाट्या शेण आणायचं म्हणजे टेम्पोच लागेल, पण टेम्पोचा अर्ज वेगळा होता. तिथे कुरिअरच्या दुकानात त्याच्या हातात एक खोका ठेवला गेला. मिठाईचा असावा तेवढा.

केंद्रावर येऊन खोका उघडला. आत चकचकीत कागदात गुंडाळलेल्या, सोनेरी फीत बांधलेल्या, तळहाताएवढ्या बारा गोवऱ्या होत्या. सोबत कापराची डबी मोफत.

योगिनी मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "भिजवून बघूया?"

चार गोवऱ्या भिजवल्या. खळ्याचा उंबरठा असता तर तेवढा सारवून झाला असता. भगीरथ त्या हिरवट पाण्याच्या बादलीशेजारी उभा राहिला आणि प्रणाली, समिती, ते सहाजण आणि त्यांच्या फिरत्या खुर्च्या यांचा त्याने मोठ्याने उद्धार केला. ऐकायला कोणी नव्हतं. सिद्धगडाचा माथा ढगात गेला होता.

"माझी तीन वर्षं गेली, भगीरथदादा," मॅडम हळूच म्हणाल्या. भगीरथने खोक्यातलं जे हाताला लागलं ते उचललं. तो कुंपण ओलांडून गेला.

लहानीबाई दारात बसली होती. त्याने कापराची डबी, सोनेरी फीत आणि एक गोवरी तिच्यापुढे ठेवली. तिने गोवरी उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला.

"यवढीशी? वासरू आजारी व्हतं काय?"

"चुकलो, बाय. पन तुज्याकडून घेतलं तर चाचणी बंद करतील, नि नाय घेतलं तर भात जाईल. माजं डोकंच चालंना."

 लहानीबाईने गोवरी त्याच्या हातात परत दिली आणि ती आत गेली.

सकाळी योगिनी मॅडम आल्या तर खळ्यावर लहानीबाई आणि वाडीतल्या पाच बाया ओळीने वाकून सारवत होत्या. पाय दुखत असलेल्याच बाया त्या. भगीरथ कडेला चुळबुळत उभा होता.

"लहानीबाय, अगो, केंद्राला काय घेता येत नाय!"

"केंद्राला कोन देतंय? भात माझ्या कणगीतलं. माझ्या भाताचं खळं मी सारवते. तुमी बाजूला व्हा."

भगीरथने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मनातल्या मनात ते पत्र पुन्हा वाचलं असावं. विद्यापीठाने काहीही स्वीकारलेलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि ओळीत जाऊन वाकल्या.

दुपारी खळं वाळलं, दुसऱ्या दिवशी झोडणी झाली, आणि शेवटची गोणी कोठारात जाता जाता पाऊस आला. वजन मागच्या दोन्ही सालांपेक्षा जास्त भरलं. भगीरथने नोंदवहीत दाणा किलोत लिहिला. पेंढ्यापुढे लिहिलं: वाऱ्याने कुंपणापलीकडे उडाला.

राहिल्या गोवऱ्या. त्या वापरल्याचा दाखला तरी द्या नाहीतर माल मूळ संख्येत परत करा, असं प्रणाली रोज सकाळी बजावू लागली. आठच उरल्या होत्या. लहानीबाईने हे ऐकलं आणि भिंतीवर दिवाळीपासून थापलेल्या गोवऱ्यांतल्या चार उपसून दिल्या.

"घे. चार काय नि चाळीस काय."

त्या दुप्पट मोठ्या होत्या, पण भगीरथने दाबून दाबून खोक्यात बसवल्या, वर फीत बांधली आणि पाठवून दिल्या.

आठवड्याने मितालीचा फोन आला. "सर, त्या कंपनीने कळवलंय की परत आलेल्यांतल्या चार गोवऱ्या त्यांच्या नाहीत."

भगीरथला लाल शाई दिसायला लागली. आता शेणाची अफरातफर म्हणून दुसरा शेरा!

"पण सर, त्या त्यांच्यापेक्षा चांगल्या आहेत म्हणतात. घट्ट थापलेल्या आहेत, धूर कमी होतो. त्यांना दर महिन्याला पाचशे नग हवेत. पुरवठादार कोण, विचारतायत."

भगीरथची छाती फुगली. जणू त्या त्यानेच थापल्या होत्या. फोन तसाच कानाला धरून तो कुंपण ओलांडून धावला. "लहानीबाय! तुज्या गोवऱ्या कंपनीला पायजेत! म्हैन्याला पाचशे!"

लहानीबाई गाईपुढे पेंढा टाकत होती. तिने हातातली पेंढी सोडली, नीट पसरली, आणि मग विचारलं, "त्यांच्याकडं पेंढा हाय का?"

भगीरथने फोनवर तेच विचारलं. मितालीने पलीकडे यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत पाहिली. पेंढा यादीत नव्हता.