गेनूअण्णांच्या डोक्याचा फोटो

फोटो नुसत्या टकलाचा काढायचा असला, तरी गेनूअण्णा घोटून दाढी करून, मिशीला पीळ देऊन, इस्त्रीचा सदरा घालून जायचे. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई यंत्राचं भिंग टकलाला टेकवायच्या, तेव्हा अण्णा श्वास रोखून विचारायचे, "बाई, हसू का?"

"अण्णा, फोटो डोक्याचा आहे."

"मग डोस्कं एकटंच आलंय व्हय?"

आमच्या पासली गावात अण्णांचं घर माझ्या घराला लागून. रंग गोरापान, टक्कल तिशीतच पडलेलं, आणि सगळी हयात भातखाचरात बोडक्यानं गेलेली. टोपी घाला म्हटलं की म्हणत, "टोपीत विचार उकडत्यात." विचार वाचले, पण टकलावर खरखरीत तांबूस चट्टे उठले. उन्हानं कातडी बिघडली आहे, वेळीच आवरलं नाही तर त्याचा कॅन्सरही होऊ शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मलम दिलं. मलम काम करतंय का, हे बघायला ते यंत्र. कापणं नाही, सुई नाही. थोडं जेल लावून भिंग टेकवायचं, की कातडीच्या आतलं चित्र पडद्यावर.

या आतल्या थराला अण्णांनी 'खालचा मजला' असं नाव दिलं. पहिलं चित्र मोबाईलवर घेतलं आणि नसरापूरच्या स्टँडवर, एसटीत, सापडेल त्याला दाखवत सुटले. "ह्ये बघा, हितली कातडी चांगली. वळीनं लावल्याला भात. आन् हितं रानडुकरं शिरल्यात." एका बाईनं ती नातवाची सोनोग्राफी समजून अभिनंदन केलं. अण्णांनी हात जोडून ते स्वीकारलं.

सोबतीला मी असायचो. परत आलो की हे किस्से गावात रंगवून सांगायचो.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधीचं आणि आताचं अशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. कपाळाकडचं खाचर सुधारलं होतं. मागचं होतं तसंच.

"अण्णा, मागे मलम लावता ना?"

"सून लावती की. रोज."

"मग फरक का नाही? पुढच्या वेळीही असंच दिसलं, तर तो चट्टा कापून काढावा लागेल."

अण्णांची मिशी खाली आली. मी गावात येऊन सांगून टाकलं, म्हातारा औषध लावत नाही, नुसते फोटो काढवून घेतो. लोक पोट धरून हसले. आजही अण्णांचं नाव निघालं की हेच सांगतात, म्हणून हे लिहायला बसलो. ते खरं नव्हतं. अण्णांची सून पुण्यात राहते, सणाला येते. हे मला ठाऊक होतं, तरी दवाखान्यातलं 'सून लावती' हे वाक्य माझ्या नुसतं कानावरून गेलं.

नंतर एका सकाळी काडेपेटी मागायला त्यांच्या पडवीत गेलो. अण्णा गुडघ्यात वाकून दाराच्या चौकटीला डोकं घासत होते. चौकटीवर मलमाचा पांढरा पट्टा. खांदा निखळल्यापासून त्यांचा हात कानाच्या मागे जात नाही.

"अण्णा, हे काय?"

"म्हशीला जमतं, मला का न्हाई जमायचं? पर निम्मं लाकूडच खातंय."

"सून लावते म्हणालात."

"मंग काय सांगू? कुणी न्हाई लावाया, असं? सगळ्यांदेखत? लाज वाटली, भाऊ."

पुढे रोज सकाळी मीच मलम लावत गेलो. तिसऱ्या चित्रात मागचा भातही वळीनं उभा होता आणि कापाकापी टळली. पण मला आठवते ती पहिली सकाळ. त्यांना उंबऱ्यावर बसवलं, ट्यूब पिळली. पडद्यावर इतक्यांदा पाहिलेला तो चट्टा मी जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. बोट टेकलं तसा अण्णांनी श्वास रोखला, फोटोला रोखायचे तसा.

मग म्हणाले, "झालं?"

"झालं."

"मंग जरा ऱ्हाऊ द्या की हात."