गुलाबरावांची नखतपासणी

गुलाबराव भेटल्यावर नमस्कार करत नसत. आधी म्हणत, "हात दाखव." हात दाखवले की ते उलटे करायला लावत आणि नखं पाहत. नखं स्वच्छ निघाली तर चिंतेत पडत. "काऊन बा, तब्येत बरी नाई का?"

वर्ध्यात आमच्या गल्लीतलं शेवटून दुसरं घर त्यांचं. नवखा माणूस त्यांना ज्योतिषी समजे. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याने एकदा त्यांच्यापुढे तळहात धरून आपलं लग्न कधी होईल असं विचारलं होतं. गुलाबरावांनी हात उलटा केला आणि सांगितलं, "लग्नाचं मले माईत नाई. पण मातीले हात नाई लावला तं आजारी पडशीन." तो घाबरून गेला. पुढच्या फेरीला आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती.

गुलाबराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा, तंतू उजेडात पाहायचा आणि प्रत सांगायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्तीनंतर कापूस सुटला, प्रत लावणं सुटलं नाही. माणसं त्यांच्या लेखी 'सुपर', 'फेअर' किंवा 'कवडी' असत. कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. मी तेव्हा एका दैनिकाचा बातमीदार होतो. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'फेअर'मध्ये टाकलं. "माणूस चांगला आहे, पण दिवसभर कागदात राह्यते," असं कारण त्यांनी माझ्या पत्नीला, सुनंदाला दिलं. तिने फेरतपासणी मागितली नाही.

त्यांच्या घरामागे वाडी होती. काळी माती, तिच्यात पवनारहून आणलेला नदीचा गाळ आणि शेणखत. कोणी दुःख घेऊन आलं की गुलाबराव ऐकून घेत नसत; खुरपं देत. संतापलेल्याला ढेकळं फोडायला लावत. परीक्षेत नापास झालेल्याकडे मेथीचा वाफा. जुना राग धरून बसलेल्याला लव्हाळा काढायला बसवत, कारण लव्हाळा वरून उपटला तरी खाली गाठ राहते आणि आठवड्याने पुन्हा उगवतो. "गाठ काढ, गाठ. पाला उपटून काय होते?" दोन भावांना त्यांनी एकाच वाफ्यात समोरासमोर बसवलं होतं. दोघे महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. मग एकाने दुसऱ्याला, तुझ्याकडची गाठ राहिली, असं सांगितलं. त्यानंतर बोलणं सुरू झालं.

सेवाग्रामच्या दवाखान्यातली एक परिचारिका रात्रपाळी संपली की घरी जाण्याआधी तिथे येऊन वांग्यांना माती लावत असे. तिने एकदा विचारलं, "काका, याच्यात औषध काय असते?" गुलाबराव म्हणाले, "मी डॉक्टर नाई, ग्रेडर आहे. माल येताना कसा होता आणि जाताना कसा आहे एवढंच सांगतो." यामागे शास्त्र असेल तर मी, बातमीदाराने, ते तपासलेलं नाही. मी पाहिलं तेवढं नोंदवतो.

माझ्यावरही उपचार झाले. दैनिकाने वर्ध्याचं कार्यालय बंद केलं. मी पंधरा दिवस घरात बसून भिंतीकडे पाहत होतो. सोळाव्या दिवशी गुलाबरावांनी माझी नखं पाहिली, 'कवडी' म्हटलं आणि मला पालकाच्या वाफ्यात नेऊन बसवलं. पहिले दोन दिवस कंबर दुखली. तिसऱ्या दिवशी भूक लागली. चौथ्या दिवशी मी शीळ घालत होतो, असं सुनंदा सांगते. मला आठवत नाही.

या सगळ्या काळात गुलाबराव लिंबाच्या झाडाखाली हात पाठीमागे बांधून उभे असत आणि तोंडाने काम सांगत. मी ते रोज पाहिलं आणि कधी नोंदवलं नाही. बातमीदाराला शोभणारी चूक नव्हती.

वाडीत एक वाफा मात्र कोणालाच दिला जात नसे. विहिरीजवळचा, हळदीचा. त्यांची पत्नी हळदीसाठी नावाजलेल्या वायगावची. बेणं तिने माहेराहून आणलेलं. तिने लावलेली हळद पोळ्याला कमरेइतकी उभी होती. ती भादव्यात वारली. पौष-माघात पाला वाळला की हळद खणायची असते. गुलाबरावांनी ती खणली नाही. तीन वर्षं पाला वाळत होता, पावसात पुन्हा फुटत होता, दरवर्षी थोडा विरळ.

चौथ्या माघात एक विमा एजंट आला. भागीदाराशी भांडून आला होता, म्हणून त्याला ढेकळं फोडायला सांगितलं. वाळक्या पाल्याचा वाफा त्याला मोकळा वाटला. त्याने कुदळ घातली आणि थोड्या वेळाने आनंदाने हाक दिली, "काका, सोनं निघालं तुमच्या वाडीत."

गुलाबराव आले. त्यांनी उघडे पडलेले कंद पाहिले, घरात गेले आणि दार लावून घेतलं. तीन दिवस गल्लीत कोणाची नखं तपासली गेली नाहीत.

सुनंदा सेलूकडच्या शेतकरी घरातली. तिने वाफा उकरून पाहिला. निम्मे कंद सडून मऊ झाले होते. ती त्यांच्या खिडकीशी गेली. मी मागे होतो.

"काका, यंदा नाई काढली तं सारी सडन. काकूचं बेणं जाईन."

मग आतून आवाज आला. "मी रोज कापूस पाहाचो. बोटं साफ ठेवा लागत. ती मातीत रडत जाये अन् गुणगुणत वापस येये. मले म्हणे, तुमीबी या न एखाद्या दिवशी. मी म्हणो, रिटायर झालो का येतो."

"मग या न आता," सुनंदा म्हणाली.

ते आले. वाफ्याच्या कडेला बसले. ज्यांनी अर्ध्या गल्लीला खुरपं दिलं त्यांना ते धरता येत नव्हतं. मूठ उलटी धरली. सुनंदाने हसू दाबून सांगितलं, "असं नाई काका, आडवं." त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. काही वेळ ते तसेच होते. मग एक एक कंद काढू लागले. चांगला डावीकडे, सडका उजवीकडे. दुपारपर्यंत अर्धं घमेलं बेणं जमलं, मृगात लावण्यापुरतं. मध्येच ते काहीतरी गुणगुणत होते. चाल ओळखीची नव्हती.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हात पुढे होते, उलटे धरलेले. नखांच्या कडा काळ्या, आत पिवळ्या.

"पाह्य. सांग प्रत."

मी नीट पाहिलं आणि 'सुपर' म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "सुपर तं ती होती. मी उशिरा आलो. मले फेअर लिही."

म्हणून इथे तसंच लिहिलं आहे.