तिरकी रेघ

डॉ. मेश्राम पहिल्या भेटीत तुमची तब्येत विचारत नाहीत. आजीबद्दल विचारतात. "आईची आई कोणत्या गावची? हाये का गेली?" आपण उत्तर जुळवेपर्यंत टिश्यू पेपरवर वंशावळ सुरू झालेली असते. बाई म्हणजे गोल, बुवा म्हणजे चौकोन, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रोगी पूर्ण काळा आणि गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. माझे आजोबा गेलेत हे मी सांगायला विसरलो आणि त्यांच्यावरची रेघ राहिली, तर केवढे खेकसले! "मेलेल्याला जिवंत ठेवता का जी? शास्त्र हाये हे!"

मूळचे नागपूरकडचे, पण उमेदीची वीस वर्षं टांझानियाच्या खेड्यांत गेली. कुणाच्या रक्तात सिकलसेल आहे, कुणाच्या पोरांना धोका आहे, हे शोधण्यात. मग मस्कतला आले, कारण इथल्या कितीतरी घरांतल्या आज्या टांझानियाच्याच झांझिबार बेटावरच्या. अल मवालेहच्या बाजारात केळी आणायला गेले, की एखाद्या ओमानी म्हाताऱ्याशी स्वाहिलीत गप्पा रंगणार. आम्ही गाडीत ताटकळत. तासाभराने साहेब त्याच्या तीन पिढ्या खिशात घालून येतात, केळी तिथेच. हॉर्न वाजवला तर म्हणतात, "पोले पोले!" म्हणजे हळूहळू.

अशा माणसाला मी आमच्या लेकीला, प्रणालीला बघायला पाहुणे येणार त्या दिवशी बोलावलं. माझीच अक्कल! मुलगा इथेच ओमानात, सोहारला इंजिनियर, माणसं भंडाऱ्याची, सगळं जुळत आलेलं. तारीख ठरणार एवढ्यात डॉक्टरांनी पेढ्यांचा बॉक्स उलटा करून पेन काढलं. "मुलाचे मामा-मावशी कोणी लहानपणी गेले का? हातपाय दुखून?" मुलाच्या आईचा चेहरा उतरला.

"दोघांचं रक्त तपासल्याशिवाय तारीख नाही," डॉक्टरांनी जाहीर केलं. पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. बायको कडाडली, "तुमचा तो रक्तपिपासू पुन्हा या घरात दिसला तर याद राखा!" मलाही डॉक्टरांचा भयंकर राग आला होता.

शेवटी मुलानेच हट्ट धरून दोघांची तपासणी करवली. रिपोर्ट आला. प्रणाली वाहक निघाली, मुलगा नाही. दोघंही वाहक असते तर पोरांना धोका होता, आता तो नव्हता. मुलाच्या आईनेच फोन केला, "काढा आता तारीख!"

मी पेढे घेऊन डॉक्टरांच्या माबेलाच्या फ्लॅटवर गेलो. ते चहा टाकायला आत गेले. भिंतीवर एक पिवळी पडलेली वंशावळ फ्रेम करून लावली होती. त्यांची स्वतःची. आजोबा, आजी, आई, वडील, सगळ्यांवर ठसठशीत तिरक्या रेघा. डॉक्टरांच्या चौकोनाशेजारी एक काळा गोल होता. खाली लिहिलं होतं, 'बेबी'. त्याच्यावर रेघ नव्हती.

"डॉक्टर, बहीण कुठे असते तुमची?" मी विचारलं.

ते चहा घेऊन दारातच थांबले. "नऊ वर्षांची होती. मी अकरावीत होतो तेव्हा गेली. हातपाय दुखतात म्हणून रडायची, आम्ही तेल चोळत बसलो. रोगाचं नावही ठाऊक नव्हतं जी."

माझ्या तोंडातून भलतंच निघून गेलं, "मग रेघ...?"

डॉक्टरांनी कप माझ्या हातात दिला आणि फ्रेमची काच सदऱ्याच्या बाहीने पुसली.

"मारू ना," ते म्हणाले. "पोले पोले."