माझ्या कवितेखाली दत्तामामा

मी इंटरनेटवर विरहाची कविता टाकली की तिच्याखाली दत्तामामा लिहायचे, "आज गवार आणली. कोवळी हाय. गुडघा बरा."

दत्तामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, आमच्या भिंतीला लागूनच्या घरात एकटे राहायचे. स्वतःचा फोटो स्टुडिओ बंद केल्यावर तिथला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता. त्या वर्षांत जो तो कुठल्यातरी साइटवर मित्र जोडत होता. मामांनीही खातं उघडलं. एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक शब्द मोठ्यांदा म्हणायचे. त्यामुळे माझ्या कवितेवरची प्रतिक्रिया मला भिंतीतूनच आधी ऐकू यायची.

"मामा, कविता चांदण्यावर आहे," मी एकदा म्हणालो.

"असू दे की. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

दुसऱ्या दिवशी त्याच चांदण्याखाली पाण्याची मोटर दुरुस्त झाल्याची बातमी होती.

मी तेव्हा प्रोग्रामर होतो आणि स्वतःला कवी समजत होतो. मामांमुळे माझे खरे वाचक पळतात, अशी माझी खात्री होती. ती पटवून द्यायला एका रविवारी मी छोटासा प्रोग्राम लिहिला. माझं सगळं लिखाण आणि त्याखालच्या प्रतिक्रिया घ्यायच्या, मी कुठले शब्द जास्त वापरतो आणि खाली कोण किती लिहितं, ते मोजायचं. मामांना शेजारी बसवलं आणि बटण दाबलं.

माझा सर्वांत लाडका शब्द निघाला 'मी'. त्याच्या मागोमाग 'माझं'. चांदणं फार खाली होतं. प्रतिक्रियांत मामा पहिले आले. दुसऱ्या नंबरावर मीच होतो, मामांना उत्तरं देणारा.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "म्हंजे हितं आपण दोघंच हाय व्हय रं?"

"आजपासून कविता बंद," मी म्हणालो.

मामा एकदम सावरून बसले. "असं नगं करूस."

"तुम्हाला एवढ्या आवडतात?"

"न्हाय. मला त्यातलं काय कळत न्हाय." मग त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, "सुनी वाचती."

सुनीता त्यांची एकुलती मुलगी. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून ती बेंगळुरूला गेली, तेव्हा मामा तिला नको ते बोलून बसले होते. तेव्हापासून ती त्यांचा फोन घेत नव्हती. साइटवर त्यांनी पाठवलेली मैत्रीची विनंतीही तशीच पडून होती. माझ्या मित्रयादीत मात्र ती होती.

"मागं तिनं तुझ्या एका कवितेखाली 'छान' लिवलं हुतं," मामा म्हणाले. "म्हटलं, पोरगी हितनं जाती-येती. मग तिला दिसंल असं कायतरी लिवून ठेवतो. बाप खातोय-पितोय, एवढं कळलं तरी बास."

मी पडद्यावर सुनीताचं नाव शोधलं. अगदी तळाशी होतं. ते एक 'छान', त्यानंतर काही नाही. मामांचीही नजर तिथंच होती.

"तू काय बी लिव," ते म्हणाले. "खाली जागा तेवढी ऱ्हाऊ दे."

त्या आठवड्यात मी रोज एक कविता टाकली. इतक्या वाईट कविता मी आधी कधी लिहिल्या नव्हत्या.